कापलेली सूचना

जबाब देणार : रुग्णालयाच्या संगणक विभागातील डेटाबेस इंजिनिअर, स्त्री, वय ३४ वर्षे, राहणार रुग्णालयामागील कर्मचारी वसाहत, दुसरा मजला.

मी स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती, सासूबाई व थोरले दीर यांच्यासह राहते. दीर आमच्या संगणक विभागाचे प्रमुख आहेत. ही नोकरी मला त्यांच्याच शब्दावर लागली.

रुग्णांच्या नोंदी जुन्या यंत्रावरून नव्यावर न्यायच्या होत्या. त्यासाठी नवा डेटाबेस उभा करण्याचे काम आमच्याकडे आले. मी त्याची स्क्रिप्ट लिहिली होती. स्क्रिप्ट चालवली की सगळे तक्ते आपोआप, प्रत्येक वेळी सारखेच तयार होतात. जुन्या नोंदींची प्रत घेऊन मी ती तपासली होती. एकही अक्षर गळाले नव्हते.

दिरांनी स्क्रिप्ट उघडूनही पाहिली नाही. ते म्हणाले, "मी हे हातानं करत आलोय, तेव्हा तू शाळेत होतीस." त्यांनी एकेक तक्ता स्वतः टाइप करून बनवला. 'औषधाबाबत सूचना' या रकान्याला त्यांनी फार तोकडी जागा ठेवली.

नोंदी भरायला सुरुवात होताच मजकूर कापला जात असल्याचे इशारे पडद्यावर येऊ लागले. मी शेजारीच उभी होते. मी म्हणाले, "भाऊजी, थांबवा. सूचना अर्धवट जातायत." विभागातले सगळे ऐकत होते. ते म्हणाले, "इथे मी तुझा भाऊजी नाही." नंतर त्यांनी इशारे मी सांगत असताना बंद केले आणि मला खोलीबाहेर जायला सांगितले.

मी तशीच वैद्यकीय अधीक्षकांकडे गेले. त्यांना सगळे समजावून सांगितले. ते हसले. म्हणाले, "दीर-भावजयीचं भांडण घरी मिटवा हो. आम्हाला मध्ये घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी यंत्रणा सुरू झाली. दुपारी पायाला जखम झालेले, तापाने ग्लानीत असलेले एक सुतार दाखल झाले. त्यांची जुनी नोंद आमच्याकडे होती. तीत 'पेनिसिलिन देऊ नये' असे लिहिलेले होते. नव्या पडद्यावर फक्त 'पेनिसिलिन' एवढेच दिसत होते. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ते वाचून इंजेक्शन सांगितले. परिचारिकेने पडद्याशी पडताळून दिले. पत्नी कागद भरायला खाली गेली होती. ती वर आली तोवर सुतार गेले होते.

रुग्णालयाने परिचारिकेचे नाव पुढे केले. काल रात्रीपासून ती आपल्या ठाण्यात आहे. तिने जे दिसले ते वाचले. याहून जास्त तिने काय करायला हवे होते, हे मला कोणीतरी सांगावे.

काल घरी जेवताना दीर म्हणाले, "थोरला दीर म्हणून सांगतोय, तू त्या खोलीत नव्हतीसच." मी म्हटले, "त्या पोरीचं काय?" ते म्हणाले, "तिला दुसरी नोकरी मिळेल." सासूबाईंनी मला गप्प बसण्याची खूण केली. पती ताटाकडे बघत राहिले. मी ताटावरून उठले.

आज सकाळी मी विभागात गेले तेव्हा दीर रकान्याची जागा वाढवत बसले होते. या वेळी त्यांनी माझी स्क्रिप्ट वापरली. मी विचारले, "आता कशी चालली?" मी तिथून थेट येथे आले आहे. जुने यंत्र अद्याप बंद केलेले नाही, त्यातील मूळ नोंद आपण आजच ताब्यात घ्यावी.

पती मला न्यायला आले असून ठाण्याबाहेर उभे आहेत. माझी त्यांच्याबरोबर जाण्याची इच्छा नाही. मी मैत्रिणीकडे राहणार आहे. तिचा पत्ता वेगळा दिला आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात दिरांनी इशारे 'नजरचुकीने' बंद केले असे लिहिलेले होते. हा शब्द मी उच्चारलेला नाही. माझ्या सांगण्यावरून तो माझ्यासमोर खोडून तेथे 'मी सांगत असताना' असे लिहिले. आता जबाब मी बोलले तसा आहे.