इथे तुमचं कोणी आहे का?

नाही हो, पकडलेलं नाही – पकडलं असतं तर अशी गादीची खुर्ची दिली असती का? पकडलेल्या माणसाला आम्ही लाकडी बाक द्यायचो, तोही भिंतीला लावून नाही, खोलीच्या मधोमध, म्हणजे पाठ टेकायची सोय नाही – हो, आम्हीच, मी कस्टममध्ये होतो, बत्तीस वर्षं, मागच्या वर्षी सुटलो – आणि ते कोपऱ्यात पाण्याचं यंत्र आहे ना, कागदी पेले वगैरे, ते पाहुण्यांसाठी असतं. तुम्ही पाहुणे आहात. देशात आत घ्यायचं की नाही एवढंच ठरायचंय. तेव्हा बसा निवांत, आणि तो पाय हलवू नका. पाय हलवणारा माणूस आम्ही हॉलच्या त्या टोकावरून हेरायचो.

तुमचं काय निघालं, परतीचं तिकीट नाही? काढलंच नाही? "पुढे बसनं शेजारच्या देशात जाईन, मग बघू" – असं तुम्ही काउंटरवरच्या बाईंना तोंडावर सांगितलंत, आणि तेही त्यांच्याच भाषेत? सहा महिने क्लास लावलात, भाषा शिकलात, आणि त्या भाषेत हे सांगितलंत. अहो, सरकारी माणसाला "मग बघू" सांगतात का कधी? "मग बघू" म्हणायचा हक्क फक्त सरकारचा. आणि हसून बोललात, होय ना? तिथेच फसलात. काउंटरवर हसणारा माणूस एकतर घाबरलेला असतो नाहीतर काही लपवत असतो, तिसरा प्रकार मी तरी पाहिला नाही. इमिग्रेशनवाले माणूस तपासतात, आम्ही सामान तपासायचो – सामान बरं, उलटून बोलत नाही – पण नजर दोघांची एकच. पर्यटक म्हणजे कोण, सांगा. ज्याचं त्या देशात काही म्हणजे काही अडलेलं नाही तो. आला, पुतळ्यासमोर उभा राहिला, फोटो काढला, पैसे उडवले, गेला. असा माणूस सगळ्या देशांना हवा असतो. ज्याला कुणाची ओढ आहे तो धोक्याचा, तो मुक्काम ठोकतो. म्हणून तोंड असं ठेवायचं, की आपल्याला कशाचीच पडलेली नाही. मला ते फार छान जमतं. घरातही सगळे हेच म्हणतात.

आमची ही आत आहे, त्या डावीकडच्या दारामागे – पाऊण तास होत आला. विमानात हिच्याकडून सगळं घोकून घेतलं होतं मी. कशासाठी आलात? पर्यटन. किती दिवस? वीस. उतरणार कुठे? हॉटेल. हॉटेलचा कागद माझ्या खिशात आहे, अगदी खरा कागद – बुकिंग नंतर रद्द केलं ती गोष्ट वेगळी. ही पोपटासारखी म्हणत होती. तर काउंटरवर यंत्रावर बोटं ठेवायला लावली आणि हिचे ठसेच उमटेनात. एकदा पुसून ठेवली, एकदा ओली करून ठेवली, दुसऱ्या हाताची ठेवली – काही नाही. चाळीस वर्षं भांडी घासून रेषाच गेल्यात हो, यंत्राच्या मते ही बाई अस्तित्वातच नाही. शेवटी त्या काउंटरवरच्या मुलीनं हिचा हात हातात घेतला आणि बोटं जरा दाबून धरली. झालं. आमच्या हिचा हात कोणी प्रेमानं धरला की ही जन्मापासूनचं सांगते. मोडकंतोडकं इंग्रजी, एरवी तीन शब्दांत दोन चुका, पण हे एवढं बिनचूक सांगितलं – मुलीकडे आलेय, तिचे दिवस भरत आलेत, स्वयंपाक, धुणं, बाळाची अंघोळ, सगळं मीच करणार, तिला काडी उचलू देणार नाही.

काडी उचलू देणार नाही म्हणजे ही इथे काम करणार. टुरिस्ट व्हिसावर काम. असं लिहिलं त्या मुलीनं, मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे आजीनं नातवंडाला अंघोळ घालायची तर परवाना पाहिजे, हिनं बाळाचा लंगोट बदलला की इथल्या कुणा कामगाराची नोकरी गेली. विमानात फॉर्म दिला होता, तुम्हीही भरला असेल – माती आणलीत का, बियाणं आणलंत का, जिवंत प्राणी आणलेत का, गेल्या महिन्यात गोठ्यात गेला होतात का – गोठ्याची चौकशी करणाऱ्या माणसांना आई मुलीकडे का जाते हे कळत नाही? त्याला रकाना नाही. कामाचा रकाना आहे, पर्यटनाचा आहे, धंद्याचा आहे, आणि "इतर" म्हणून एक आहे, त्यात जो खूण करतो तो या खोलीत येतो.

नाही, माझं तसं नाही झालं. मी शेजारच्या काउंटरवर होतो. माझं सुरळीत चाललं होतं – पर्यटन, वीस दिवस, हॉटेल. माझा साहेब आळसावलेला होता, शिक्का उचललासुद्धा होता त्यानं, जाता जाता विचारावं तसं विचारलं, इथे तुमचं कोणी आहे का? म्हटलं, कोणी नाही. आणि नेमकं त्याच क्षणी चार फुटांवर ही सांगतेय, माझी एकुलती एक मुलगी. हिच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव माझं. आता बघा तुम्ही, नवराबायको एक, घर एक, विमानातल्या सीटा शेजारी शेजारी, आणि बाईला मुलगी आहे, पुरुषाला नाही. शिक्का ठेवला त्यानं खाली.

हसा, हसा. मीही हसलो असतो. काय? हो, मुलगी माझीच, दुसऱ्या कुणाची असणार? डावपेच होता तो. नातेवाईक आहेत म्हटलं की शंभर प्रश्न येतात, नाहीत म्हटलं की विषय संपला. तुम्ही असे बघताय जसा काही मी खोटारडा आहे. मी खोटारडा नाही. आमच्या खात्यात जाऊन विचारा, मला काय म्हणायचे – चिमटा म्हणायचे. मंत्र्याच्या मेव्हण्याची बॅग उघडलीय मी. आमच्याच वरिष्ठांच्या बायकोच्या पर्समधून चेन काढलीय. स्वतःच्या मुलीला सोडलं नाही तिथे बाकीच्यांचं काय – हो, मुलीची. हीच, दुसरी कुठली. ऐका ना, वेळ आहे, हिचं आत्मचरित्र संपायला अजून अर्धा तास जाईल.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी इथून सुट्टीवर येत होती, लग्नानंतर पहिल्यांदा, जावई बरोबर. माझी ड्युटी नव्हती त्या दिवशी. बदलून घेतली होती – का म्हणजे काय, सहज. हॉलमध्ये एक फेरी मारावी म्हणून. ती बाहेर आली की हिच्या आधी मला दिसणार, एवढाच हिशेब. तर ट्रॉली ढकलत आली, केस कापले होते, मी ओळखलंच नाही आधी. बॅग यंत्रातून गेली आणि पडद्यावर कॅमेरा दिसला, मोठा, लांब भिंगाचा. जाहीर केलेला नाही. पडद्यापाशी आमचा नवा इन्स्पेक्टर होता, भरती होऊन दोन महिने झालेले, त्यानं पासपोर्टवरचं आडनाव वाचलं आणि हळूच विचारलं, साहेब, या तुमच्या कोणी आहेत का? आता सांगा, काय म्हणणार होतो मी? हो म्हटलं असतं तर त्यानं हसून सोडलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळं खातं म्हणालं असतं, बघा, चिमट्यालाही घर आहे. मी म्हटलं, कोणी नाही. बॅग उघड.

सगळी उघडली. कपडे काउंटरवर, आतले-बाहेरचे सगळे, मागे रांग, जावई ट्रॉलीचा दांडा धरून उभा. ती माझ्याकडे बघत होती, मी नियमाच्या पुस्तकात बघत होतो – पाठ होतं मला ते पुस्तक, तरी बघत होतो. तिनं बोलाचाली केली नाही, रडली नाही, कस्टमची ड्युटी भरली, पावती घेतली. आणि कॅमेरा तिथेच काउंटरवर ठेवला. त्या पोराला – इन्स्पेक्टरला – म्हणाली, "हा माझ्या बाबांसाठी आणला होता. पण ते इथे नाहीत असं हे साहेब म्हणतात. तेव्हा तुम्हीच ठेवा." आणि गेली. सासरी उतरली, पंधरा दिवस राहिली, आमच्या घरचा जिना चढली नाही. कॅमेऱ्याचा पंचनामा करून मी तो बेवारस माल म्हणून जमा केला. बेवारस लिहिलं तेव्हाही अक्षर माझं नेहमीसारखंच होतं हं. पुढे लिलावात गेला. आम्हाला बोली लावता येत नाही.

पक्ष्यांचे फोटो काढायचे होते मला, निवृत्तीनंतर. एकदाच बोललो होतो, जेवताना. तिनं लक्षात ठेवलं होतं.

तर सांगायचा मुद्दा असा, की प्रामाणिकपणा म्हणजे – काय? मग फोन केला का? मी कशाला करू? फोन यायचा, रविवारी सकाळी, ही उचलायची आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून बोलायची. मी बाहेर पेपर वाचायचो. तेच पान. कोणी विचारलं, मुलगी परदेशात असते ना तुमची, की मी म्हणायचो, तिथे आमचं कोणी नाही. सोसायटीत म्हणायचो, दवाखान्यात म्हणायचो, लग्नकार्यात म्हणायचो. तीन वर्षं. तोंडाला वळण पडतं हो. आज त्या माणसानं शिक्का उचलला, विचारलं, आणि मी विचारबिचार केलाच नाही, ते आपलं ठरल्यासारखं बाहेर आलं. डावपेच कसला बोडक्याचा.

मग आलात कशाला – विचाराच, मघापासून तोंडावर आहे तुमच्या. हिला एकटीला विमान बदलता आलं नसतं म्हणून. नाही, तसं हिला सगळं येतं, माझे तर कागदही हीच सांभाळते. आलो झालं. तिकीट माझं मी काढलं, परवाच्या दिवशी, आणि हिला बजावलं, तिला कळवू नकोस. म्हटलं दारात उभं राहावं, मग ती काय म्हणेल ते म्हणेल. दारात उभं राहिलेल्या माणसाला परत पाठवत नाहीत, असं मला वाटलं – मी, ज्यानं बत्तीस वर्षं तेच केलं. तर या लोकांनी तिला बाहेरच्या हॉलमध्ये गाठून विचारलंय, तुमच्याकडे कोण येतंय? ती म्हणाली, आई. आणखी कोणी? नाही, आईच. मघाशी तो साहेब मला येऊन सांगून गेला, अगदी सभ्यपणे. म्हणजे आता कागदावर काय झालं बघा – मला मुलगी नाही असं मी म्हणतो, माझी वाट बघत नाही असं ती म्हणते, दोघांचं जमतंय. खोटी पडलीय ती फक्त ही. मला पाचच्या विमानानं परत पाठवतील, त्याचं काही नाही, पण हिचं काय? हिलाही खोटं बोलल्याचा शिक्का मारला तर मुलीचं बाळंतपण कोण बघणार? साहेब म्हणाला, मुलीला आत बोलावतोय, तिनं ओळख पटवली आणि जबाबदारी घेतली तर विचार करू. म्हटलं, तिला त्रास नको, नववा महिना आहे. तर म्हणतो, तुम्हाला कसं माहीत?

थांबा. ते डावीकडचं दार. काचेतून दिसतंय का तुम्हाला – निळ्या कोटातली. कमरेवर हात ठेवून चालतेय. केस परत वाढवलेत. ही उठली, हिनं धरलं तिला, बसवलं. बसा ना हो तुम्ही, उभे राहू नका, त्यांना वाटेल आपलं काही ठरलंय. साहेब माझ्याकडे बोट दाखवतोय. बघितलं तिनं. बघतेय.

दार उघडं राहिलंय जरा, ऐकू येतंय ना? मला नाही कळत, तुम्हाला येते ना ही भाषा – काय विचारलं त्यानं? ओळखता का. आणि ती? "ओळखते." एवढंच? ओळखते, म्हणजे असं कोणालाही म्हणतात, इस्त्रीवाल्यालाही म्हणतात – बाप असा काही शब्द नाही का आला मध्ये? नीट ऐका हो, सहा महिने क्लासला गेलात ना. आता काय म्हणतोय तो? जबाबदारी घ्याल का. हं. बोलली ती. काय बोलली? सांगा ना. असे काय बघताय, वाईट असलं तरी सांगा, मी लोकांना याहून वाईट सांगितलंय.

आधी त्यांनाच विचारा म्हणाली – म्हणजे मला? तिच्यासमोर. तोच प्रश्न, पुन्हा – इथे तुमचं कोणी आहे का.

मराठीत विचारा म्हणाली.

येतोय तो. नाही, ती उठतेय – ती स्वतःच येतेय दाराशी. बॅग जरा बाजूला घ्या तुमची. काही बोलू नका आता, सांत्वनबिंत्वन नको, तुमचं तिकीट नाही ते तुम्ही बघा. सरका म्हणतो ना. मला उठू द्या.