वळणावरचा आवाज

— नाही नाही, उठू नका, चाक काढलंय तुम्ही, हात काळे झालेत, तुमचं चालू द्या, मी उभी राहूनच बोलते. ही गाडी माझ्या मुलाची. सकाळी देऊन गेला ना — उंच, इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणारा — तोच. मी त्याची आई. नातीची पाण्याची बाटली गाडीत राहिली, ती न्यायला आले. म्हणजे आले त्यासाठीच, पण म्हटलं, आलेच आहे तर विचारावं — ब्रेकचा तो आवाज अगदी पूर्ण जाणार का हो? थोडासुद्धा राहणार नाही? हसू नका. लोक आवाज घालवायला येतात हे मला कळतं. मी एवढंच म्हणते, ब्रेक चांगले करा, घट्ट करा, पण आवाज राहू द्या. असं जमतं का?

काय दाखवताय? हे पॅड? एवढंसंच उरलंय? नखाएवढंसुद्धा जाड नाही. आणि हा बारीक पत्रा — हा त्या तबकडीला घासतो म्हणून ती किंचाळते होय. म्हणजे बनवणाऱ्यानेच मुद्दाम बसवलाय, पॅड झिजलं की आधी कळावं म्हणून? बघा, किती पुढचा विचार करतात लोक. आधी कळलं की माणूस सावध होतो. मग नव्या पॅडचा पत्रा जरा वाकवून ठेवा की, घासू द्या थोडा. नाही? तबकडी खराब होते? मग चिमूटभर वाळू टाका आत. तुम्ही हसताय, पण मी खरंच विचारतेय.

त्याचं असं आहे, आमच्या घराआधी एक वळण आहे. तिथे गाडी हळू करावीच लागते, आणि ती तिथेच ओरडते. मग फाटक, मग गाडी लावायची, मग दोन जिने. तेवढा वेळ आम्हाला मिळतो. कशाला म्हणजे — घर आवरायला. पसारा खपत नाही त्याला, बाकी काही नाही. माझा कान अजून चांगला आहे. मी म्हणते, "आला गं," की सून फोन बंद करते — भावाशी बोलत असते, ते त्याला आवडत नाही — आणि नात दप्तर उचलून बाथरूममध्ये जाते, आतून कडी लावते. मी आधीच नळ सोडून ठेवते, अंघोळ चाललीये असं वाटावं म्हणून. पाणी वाया जातं, पण काय करणार. तो येतो, दारातल्या चपला सरळ आहेत का बघतो, शेगडीला हात लावून बघतो, स्वयंपाक आत्ता झालाय की मघाशीच. कधी कधी नुसता जेवतो आणि झोपतो हो. रोज काही नसतं. आणि सूनही जरा उलट बोलते — नाही, ती नाही बोलत. उगाच कशाला खोटं. मागच्या खेपेला तर नुसती उभी होती ती, ताट हातात घेऊन. आता तो हात वर होत नाही तिचा, केस मलाच विंचरावे लागतात. डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडली. मीच सांगितलं.

तसा तो वाईट नाही हो. ऑफिसात विचारा, शिपायालासुद्धा अहो-जाहो करतो. तुमच्याशी कसा बोलला सकाळी? बघा. लहानपणी तर इतका भित्रा — जिन्यात ह्यांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या चपला वाजल्या की आधी हाच पलंगाखाली. ते झोपले की मी अंधारात चाचपून त्याला बाहेर ओढायची, तिथेच मुटकुळं करून झोपलेला असायचा. चपला बऱ्या होत्या त्या, मोठ्याने वाजायच्या. आणि आता — हे कशाला सांगत बसले मी तुम्हाला. काय बोलत होते? हां, ब्रेक.

मग असं करा, जुनेच बसवा परत. त्याला सांगा, बदलले. आवाज कसा राहिला म्हणाला तर सांगा, नवीन आहेत, थोडे दिवस ओरडतात. तो काय खाली वाकून बघणार आहे? आणि पुढेमागे एखाद्या दिवशी ब्रेक लागलेच नाहीत तर — नाही लागले तर नाही लागले. आम्ही तिघी तरी —

तसं नव्हतं म्हणायचं मला. आई आहे मी त्याची. तुम्ही का थांबलात? हातातला पाना का खाली ठेवलात? असे बघू नका माझ्याकडे, म्हातारी माणसं बोलतात काहीबाही. — काय? नात? हो, शाळेत तोच सोडतो तिला. रोज. पुढच्या सीटवर, त्याच्या शेजारी. दप्तर मांडीवर घट्ट धरून बसलेली असते, मला वरून दिसते ना —

बसवा. नवीन बसवा. दोन्ही बाजूंचे बसवा. मागचेही बघून घ्या, त्यात काही हयगय नको.

नाही, पाणी नको मला. मी त्या बाकावर बसते, तुम्ही करा... झालं? मग एक चक्कर मारून या आणि मला सांगा, नीट लागतात का. जोरात चालवून बघा. वळणावरही बघा. जा, मी इथेच आहे.

— अगंबाई. तुम्ही कधी आलात? ही इथे, माझ्या पाठीशीच उभी केलीत गाडी? मी तर रस्त्याकडेच कान लावून बसले होते.

नाही, काही नाही. छान झालंय काम. मी आले होते ते त्याला सांगू नका. आता खिडकीतच बसायला हवं मला, दुसरं काय — पण तो येतो तेव्हा दिवेलागण झालेली असते, आणि त्या वेळचं मला धड दिसत नाही हो. सरका जरा, जाऊ द्या मला.