समोरचा चक कायले दिला?

सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाले होते. आमच्या वर्कशॉपात ट्रॅक्टरच्या पिना होतात. नवी लेथ मशीन आली, पिन पकडून फिरवणारे दोन चक समोरासमोर असलेली. पण जुन्या सवयीनं सुपरवायझर भाऊ एक बाजू झाली की अर्ध्यात मशीन थांबवत, दार उघडून पिन हातानं उलटी लावत.

मी म्हटलं, "भाऊ, समोरचा चक कायले दिला मंग? मशीन बसवणाऱ्यानं दोन्ही बाजूंचा प्रोग्राम टाकून दिलाय नं."

"सातवी शिकलेली मले शिकवते काय? चक भिडले तर उद्यापासून घरी बसून पोरगी सांभाळ."

घरात पगार माझाच एकटीचा. तरी म्हटलं, "भिडले तर बसते घरी. पण एकडाव दार उघडू नका."

मी वेग कमी केला, मशीन बंद करायच्या लाल बटनावर बोट ठेवलं. समोरचा चक हळूहळू आला, त्यानं पिन धरली, पहिल्यानं सोडली. दोन्ही बाजू करून पिन ट्रेमध्ये पडली.

भाऊ मापून म्हणाले, "बरोबर आहे. पुन्हा कर."

"आता तुम्ही करा. मी पाहते."

त्यांनी केलं.

आता या मशीनवर भाऊ अजून एक बाई कामाले घेऊन राह्यले. आमच्या बाभुळगावाकडं कोणी असली तर निरोप द्या. म्हणा, भेव वाटलं तरी ये.