बँकेच्या नावाची बिल्टी

माझा जन्म विट्याच्या वरच्या अंगाचा, माळावरचा. तवा तिकडं पानी न्हाई, ऊस न्हाई, म्हनून आमच्याकडची मानसं दोनच कामं करत आली, एकतर गलाईच्या दुकानात सोनं गाळायला परमुलखात जायची, न्हाईतर गाडी चालवायची. थोरला भाऊ म्हनायचा, भट्टीफुडं बसायचा दम न्हाई तुझ्यात, तू आपलं ष्टेरिंग धर. ते मी तीस वर्सं धरलं. सांगलीच्या यार्डात हळद भरायची आन् पार उत्तरंला टाकायची, चार दिस जायला, चार दिस यायला, केबिनीत मी एकटा. आदी मानूस गानी म्हनतोय, मग सोताशी बोलतोय, मग तेबी सुटतंय. घरला आलो की बायकू म्हनायची, आवं, तोंड काय गाडीतच इसरून आलाय का.

तू कॉमर्सला हायस म्हनून तुला सांगतो, न्हाईतर ही गोष्ट मी कुनाला सांगत न्हाई. बिल्टी म्हंजे गाडीत काय भरलंय, कुनी भरलंय, कुनाला द्यायचंय त्येचा कागद. ज्येची हळद मी भरायचो त्या यार्डातल्या शेठनं बँकेकडनं कर्ज उचललेलं, गोदामातली हळद बँकेकडं तारन. मला वाटायचं, पोतं गोदामाभाईर पडलं की सुटलं. तर त्या खेपेला बँकेतली बाई सोता यार्डात आली. साताऱ्याकडची, साधी व्हती. मला म्हनली, मामा, गोदामातला माल जसा तारन, तसा वाटंवरचाबी. म्हनून बिल्टी आमच्या नावाची केलीय. घेनारा कानपुरात आमच्या शाखेत पैसं भरंल तवा त्येला ती सही करून मिळंल, आन् त्येनं ती तुमच्या हातात दिल्याबिगर एक पोतं उतरायचं न्हाई. मी म्हनलं, बाई, गोदामाला तुमचं कुलूप असतंय, पाटी असती, गाडीला काय हाय. ती म्हनली, गाडीला तुमी हाय की. काय सांगू तुला, लय बरं वाटलं. तीस वर्सांत मला कुनी असं मोजलं नव्हतं.

कानपुरात पोचलो शनवारी. मसाल्याचा कारखाना व्हता. मालक म्हनला, बँक आज बंद, उद्या रविवार, सोमवारी सन, पैसं मंगळवारी भरतो, माल उतर. मी न्हाई म्हनलं आन् गाडीखाली सतरंजी टाकली. पर बेस्तरवारी पोरीची सुपारी फुटायची व्हती. रविवारी निघालो तरच घावनार. फोनवर पोरगी म्हनली, अण्णा, जमलं तर या, न्हाईतर काका बसतील. जमलं तर या, असं म्हनली. बापाला.

दुसऱ्या दिशी सकाळी बापूकडं गेलो. बापू म्हंजे आमच्या शेजारच्या गावचा गलाईवाला, त्या शेरात आपली भाषा बोलनारं तेवढंच एक दुकान. त्येनं जेवाय वाढलं, समदं ऐकून घेतलं, म्हनला, लेका, सुपारी फुटताना बाप नको व्हय? कारखानदार माझ्या वळखीचा हाय, त्येच्या घरचं सोनं माझ्याकडं येतंय. उतर माल. मी हाय न्हवं.

आता हे भाईरच्याला कळायचं न्हाई. आमच्याकडं मी हाय न्हवं म्हनलं की संपलं. लोकं लाखाचं सोनं गलाईवाल्याच्या हातात टाकून चहाला जात्यात, चिठ्ठी न्हाई, पावती न्हाई. जलमभर हेच बगितल्यालं. एका कागदापायी बापूच्या तोंडावर न्हाई कसं म्हनू? उतरला माल. मला वाटलं, शब्दबी कागदच की.

बेस्तरवारी सकाळी घरला पोचलो, त्याच कापडात पाटावर बसलो, सुपारी फुटली. पोरीनं मान वर करून एकदा बगितलं. बास.

मग फोन सुरू झालं. कारखानदारानं पैसं भरलंच न्हाईत, हळद ओली म्हनला, आन् तवर निम्मी इकून मोकळा. बँक म्हनली, बिल्टी तर आमच्या कपाटात हाय, मग माल कुनाला दिला? आमचा गाडीमालक मला म्हनला, कुनाला इचारून उतरलास? मी म्हनलं, बापू म्हनला व्हता. तो हासला नुसता. भरपाई त्येच्या गळ्यात आलेली. ती बँकेतली बाई भेटली, मला वाटलं बोलंल, तर मामा, एवढंच म्हनली.

बापूला कुनी धरू शकत नव्हतं, त्येची सही कुठंच नव्हती. तरी त्येनं कानपूरचं दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं, पैसं गाडीमालकाच्या हातात ठेवलं आन् विट्याला येऊन बसला. मला एक शब्द बोलला न्हाई. बोलली ती बाकीची. पारावर गेलो की गड्या, बाजूची दोघं हळूच उठायची. गाडीवरचं काम सुटलं. फुडं बायकू वारली. आता कुपवाडला एका कारखान्यात राखनीला असतो, सांजला समदी आपापल्या गाड्यांवर निघून गेली की मी आन् बंद मशिनी. पोरगी साताऱ्यास्नं फोन करती, अण्णा, इकडं ऱ्हावा. तिला यातलं कायबी ठावं न्हाई. जाऊन तिच्यापशी बसलो तर कवातरी तोंडातनं निघून जाईल, तुझ्या सुपारीला एका मानसाचं दुकान गेलं म्हनून. मग न्हाईच जात.

गेल्या म्हैन्यात धीर करून बापूच्या घरला गेलो. त्येच्या बायकूनं चहा दिला, दोघं बसलो. तोच म्हनला, पोरगी सुखात हाय न्हवं?

व्हय म्हनलं.

मग झालं, म्हनला, आन् कपातल्या चहाकडं बगत ऱ्हायला. शिव्या दिल्या असत्या तर बसलो असतो जरा येळ. उठलो तसाच. पोरगी खरंच सुखात हाय बाबा, सुखातच ऱ्हावी. एवढं एक मागनं हाय, दुसरं मागायला आता तोंड न्हाई.