सिग्नलची लाल काच

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक काका आणि त्यांची पुतणी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची वाट पाहत बसले होते.

“चर्चची रंगीत खिडकी दुरुस्त करून राहिले म्हणे, काका. आजोबांनी बसवलेली काच काढतील?”

“काहून काढतील? मी जाऊन विचारलं.”

“ती सिग्नलची होती न?”

“हो. खिडकीतल्या चित्रात येशू मेंढपाळ आहे न, त्याच्या झग्यासाठी लाल काच कुठं मिळेना, तर बाबांनी रेल्वेनं टाकून दिलेली कापून बसवली.”

“मग कारागीर काय म्हणाला?”

“म्हणाला, बाकीच्या ढिल्या झाल्या, हीच साठ वर्षं हलली नाही. राहू द्या.”

“अच्छा, म्हणून सकाळपासून ऐटीत आहात. पट्टी निघाल्यावर आधी मला पाहाल न?”

“तुला रोजच पाहतो. रविवारी नऊला त्या काचेवर ऊन येते. आधी तिथं ने.”