निघताना फाटक उघड

(कारंजा लाड. जिनिंगच्या वजनकाट्याशेजारची खोली. फय्याज नागपूरच्या नोकरीवर निघालाय, बॅग दाराशी. वैजयंती कॉम्प्युटरसमोर.)

वैजयंती : आन् तुमी गेले की सेठ अकोल्याचा कोनी आनून बसवते इथं. मले तं शिकाऊच समजते तो.

फय्याज : ते राहू दे. सकाळी फाटक काहून अडकलं, ते सांग.

वैजयंती : कापसाची गाडी काट्यावर आली, आपल्या प्रोग्रामनं लाल लाइट लावला, फाटक लावलं. मंग गाडीचा नंबर जुळला नाई, प्रोग्राम मधूनच बाहेर पडला. फाटक बंदच! रस्त्यापर्यंत गाड्या, आन् लखीराम डायवर माह्या नावानं बोंबलून राह्यला.

फय्याज : फाटक उघडाची ओळ कुठी लिवली तू?

वैजयंती : सगळ्यात शेवटी. वजन झालं की उघडन म्हणून.

फय्याज : आन् वजन झालंच नाई तं?

वैजयंती : हाव ना बाप्पा! त्या ओळीपर्यंत पोचतेच कुठी तो.

फय्याज : मंग प्रोग्रामात डिफर हा शब्द कायले हाय? फाटक लावलं, की खालीच लिव : डिफर, फाटक उघड. आत्ता नाई उघडत. सांगून ठेवलं फक्त. काम पुरं करून निघो नाईतं मधूनच, निघता निघता उघडतेच.

वैजयंती : म्हंजे शिरतानाच निघाचं सांगून ठेवाचं? लाइटचं बी तसंच?

फय्याज : तसंच. फक्त उलटं चालते. शेवटी सांगतलं ते आधी.

वैजयंती : थांबा, दोन्ही ओळी लिवते... आता मुद्दाम चुकीचा नंबर टाकते... उघडलं! आधी फाटक, मंग लाइट बंद. बराबर!

फय्याज : शाब्बास. हे घे किल्ली. बस चुकन माही.

वैजयंती : दिवाळीपर्यंत राह्यतो म्हणे तुमी. मधूनच चालले. लय वाईट वाटून राह्यलं, फय्याजभाऊ. आन् भेव बी वाटते. जाता जाता सेठजवळ माह्यासाठी एक शब्द टाका ना.

फय्याज : आता नाई टाकत.

वैजयंती : काहून?

फय्याज : तुले कामावर घ्या म्हणलो ना सेठले, तवाच त्या बोलन्याच्या खालीच सांगून ठेवलं : मी निघालो की खुर्ची तिची.

वैजयंती : आन् सेठ?

फय्याज : मघाशी फोन होता त्याचा. इचारत होता, उद्या वैजयंती काटा कितीक वाजता उघडन.