अनंतकाळ सोडून बोला

अहो थेन, आधी गुडघ्यांवरून उठा — नाही उठवत? मग धरा ती खुर्ची, धरा — हां, बसा आता, आणि जेली खा. हिरवी आहे, गाजर किसून घातलंय. तर मघाशी काय म्हणालात? ‘आर्डिथ, अनंतकाळासाठी माझी हो’? असं बोलवतं तरी कसं? सगळा जन्म चर्चमध्ये गेला ना तुमचा? माझा अनंतकाळ काय रिकामा पडलाय? आपल्या चर्चच्या मंदिरात, वेदीपाशी, पांढऱ्या कपड्यांत लव्हेलशी अनंतकाळाची गाठ बांधलीय माझी — तो गेला म्हणून ती सुटत नाही, वर गेल्यावर नवरा तोच. आणि तुमची नॉर्डा? ती बिचारी तिकडं वर घर लावून नवऱ्याची वाट बघत असेल, आणि तुम्ही इथं दुसऱ्याच्या बायकोला मागणी घालताय.

गाठ सोडवून घेऊ म्हणता? मुळीच नाही. सहा पोरं आहेत त्या गाठीत, माझे आईवडील, त्यांचे आईवडील — मी एक टाका उसवायचा आणि सगळं गणगोत विस्कटून ठेवायचं? आणि लव्हेलनं माझं काय घोडं मारलंय? भला माणूस होता. बोलायचा नाही, एवढंच. जेवताना ‘मीठ’ म्हणायचा — तेसुद्धा रोज नाही. आता अनंतकाळ म्हणजे बराच वेळ झाला, मी कधी कधी भांडी घासताना विचार करते, की एवढं मीठ देत बसायचं म्हणजे — जाऊ द्या, मी बोलले नाही, तुम्ही ऐकलं नाही.

तुम्ही बोलता. दर सोमवारी, चर्चनं घालून दिलेली कुटुंबाची संध्याकाळ म्हणून येता — कुटुंब कसलं, आपण दोघंच — स्तोत्र म्हणता, तेही बेसूर, मग त्या तुमच्या मेंढ्यांच्या गोष्टी. त्याच त्या. आणि मी मंगळवारपासून पुढच्या सोमवारच्या तयारीला लागते. ही जेली नॉर्डाच्या पद्धतीची आहे, ओळखली नाहीत? चर्चच्या जेवणात मी ह्याच जेलीला नावं ठेवायचे. चांगली होते, काय करणार.

आपल्यात मरेपर्यंतचं लग्नही असतं की — बिशप लावतात, दोघांच्या गाठी जिथल्या तिथं राहतात. मी विचारून आलेय. म्हणजे सहज गेले होते, विषय निघाला. काढला. मीच काढला. तेवढंच मिळेल, थेन, इथलं. पुढं तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या. आणि तेच मला सोसवत नाहीये — जन्मभर अनंतकाळाच्या बाता मारल्या, आणि आता हे एवढंसं हवंय तर ते पुरायचं नाही म्हणून जीव घाबरा होतोय.

रडू नका, जेलीत पडेल. हो म्हणतेय मी. मरेपर्यंत, हो. आता जा घरी, लोक बघतील — आणि ऐका, उद्यापासून बर्फ काढायला छपरावर चढायचं नाही.